न आलेल्यांचं रजिस्टर

आमच्या गावात आता शुगर-बीपी नसलेलं घर शोधावं लागतं. पन्नाशी ओलांडलेली दोन माणसं पारावर भेटली की पीकपाण्याच्या आधी गोळीची चौकशी होते. "तुही कितीची सुरू हाय?" "पाचची. तुही?" "मले दहाची देल्ली." दहावाल्याच्या आवाजात थोडा मोठेपणाही असतो.

माझं गावात कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. दुकानात बसणाऱ्याला गावाची तब्येत विचारायला कुठं जावं लागत नाही. कोणाला आता फवारणीचा पंप पाठीवर घेववत नाही, कोणाचा पोरगा यंदा एकटाच बियाणं न्यायला आला, कोण बॅगवरची अक्षरं वाचायला दुसऱ्याच्या हातात देतो, सगळं काउंटरवर बसून दिसतं. वर्धा जिल्ह्यातलं कापूस-सोयाबीन-तुरीचं गाव आमचं. उपकेंद्र गावातच, प्राथमिक आरोग्य केंद्र दोन गावं सोडून, ग्रामीण रुग्णालय तालुक्याला, त्यावर जिल्ह्याचं सामान्य रुग्णालय, आणि प्रकरण हाताबाहेर गेलं तर सेवाग्राम, सावंगी, नाहीतर नागपूरचं मेडिकल. सरकारी हिशेबानं मैदानी भागात ५,००० लोकांमागं एक उपकेंद्र आणि ३०,००० लोकांमागं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. रुग्णानं खालून वर एकेक पायरी चढावी आणि बरं वाटलं की त्याच पायऱ्यांनी खाली यावं, अशी ती कल्पना आहे. माणूस तसा चालत नाही. तो ज्या दिवशी ज्या गावाला काम निघालं तिथल्या डॉक्टरकडं जातो. मुलीकडं गेला की जावई आपल्या ओळखीच्या डॉक्टरला दाखवतो. शिबिराची गाडी आली की तिथंही रांगेत उभा राहतो, फुकट आहे म्हणून.

माझ्या आईला शुगर आणि बीपी, दोन्ही. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी निष्काळजी कोणी नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटू शकेल. बीपीची पहिली गोळी सरकारी दवाखान्यातून सुरू झाली, ॲम्लोडिपिन ५ मिलिग्राम. मध्ये एकदा तिथं गोळ्या संपल्या होत्या, तेव्हा तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी त्यांच्या पद्धतीची गोळी लिहून दिली. पुढं सरकारी गोळ्या पुन्हा मिळायला लागल्या आणि आईनं दोन्ही सुरू ठेवल्या. एक पांढरी होती, एक रंगीत. एक फुकटची, एक विकतची. त्या एकच असू शकतात हे कोणाच्या मनात येणार? थोड्या महिन्यांनी पाय सुजायला लागले. बहीण तिला आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. तिथं किडनीची तपासणी झाली, ती चांगली निघाली, आणि सूज उतरायला लघवीची गोळी मिळाली. त्या गोळीनं रात्री उठणं वाढलं. असंच एकदा उठताना अंधारी येऊन ती मोरीच्या उंबऱ्यावर पडली. हाड वाचलं, मनगट मात्र बरेच दिवस काळंनिळं होतं.

या तीनही ठिकाणी आपापल्या जागी योग्य तेच झालं होतं. सुजलेले पाय दाखवले तर डॉक्टर सूज उतरवणारच.

गाठ सुटली ती उपकेंद्रात. आमच्या उपकेंद्रावर तेव्हा एक समुदाय आरोग्य अधिकारी होत्या. लोक त्यांना सीएचओ मॅडम म्हणत. हे पद २०१८ नंतर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत आलं. आपल्या राज्यात यातले बरेच जण आयुर्वेदाची पदवी घेऊन वर सहा महिन्यांचा कोर्स केलेले आहेत. उपकेंद्राचं तेव्हाचं नाव आरोग्यवर्धिनी केंद्र. २०२३ मध्ये ते आयुष्मान आरोग्य मंदिर झालं आणि पाटी पुन्हा रंगवून घेतली. (पाट्या रंगवणाऱ्याचं आमच्याकडं कधी अडत नाही.) तर त्या मॅडमनी आईची प्लास्टिकची पिशवी टेबलावर उलटी केली. केसपेपर, एक्सरे, चष्म्याचा नंबर, कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका आणि गोळ्यांची पाकिटं. त्यांनी पाकिटं शेजारी शेजारी मांडली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि विचारलं, "आजी, ही अन् ही, दोनी रोज घेता का?"

"घेतो ना. डॉक्टरनंच देल्ल्या."

खासगी गोळीत दोन औषधं होती, टेल्मिसार्टन आणि तेच ॲम्लोडिपिन. म्हणजे रोज दुप्पट. ॲम्लोडिपिनची मात्रा वाढली की पायावर सूज येते, हे त्यांच्या पुस्तकातलं अगदी पहिलं प्रकरण. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना फोन लावला आणि आईला तिकडं पाठवलं. तिथं एक गोळी कमी झाली, लघवीची बंद झाली आणि काही आठवड्यांत सूज गेली. या सगळ्यात नवीन औषध एकही लागलं नाही. तीन ठिकाणचे कागद एका टेबलावर येणं आणि ते वाचायला एका माणसाकडं वेळ असणं, एवढंच लागलं.

तेव्हापासून माझं आरोग्यखात्याकडं बघणं जरा दुकानदारासारखं झालं आहे. आमच्या धंद्यात दोन वह्या असतात. एक रोजच्या विक्रीची, आज कोण आला आणि काय नेलं. दुसरी उधारीची. या दुसऱ्या वहीत जो येऊन पैसे देऊन गेला त्याच्या नावावर रेघ पडते. जो आला नाही त्याचं नाव तसंच उभं राहतं आणि रोज डोळ्यांत खुपतं. दुकान चालतं ते दुसऱ्या वहीवर. सरकारी दवाखान्याचं ओपीडी रजिस्टर ही पहिली वही आहे. तारीख, नाव, वय, गाव, काय दिलं. ताप, हगवण, विंचू, कुत्रा चावला, यासाठी ती पुरते, कारण तो माणूस पुन्हा आला नाही तर बहुधा बरा झाला असतो. बीपीचा माणूस पुन्हा आला नाही तर? एक तर तो दुसरीकडं गेला, किंवा त्यानं गोळी सोडली, किंवा तो गेलाच. रजिस्टरला या तिन्हींत काही फरक दिसत नाही. न आलेल्याची त्यात ओळच नसते.

न आलेल्यांचं रजिस्टर ठेवणं खात्याला जमत नाही असंही म्हणता येत नाही. क्षयरोगाचं पाहा. टीबीचा रुग्ण दोन दिवस गोळ्यांना चुकला की कोणी ना कोणी त्याच्या दारात उभं राहतं. गरोदर बाईचंही तसंच. तारीख टळली की नर्सबाईचा फोन येतो. पण टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा आणि बाळंतपण नऊ महिन्यांचं. त्यांना शेवट आहे. शुगरचा रुग्ण एकदा यादीत आला की मरेपर्यंत यादीत, आणि दरसाल नवे वाढतच जाणार. धावपळ करून संपवण्याच्या मोहिमा आपल्याला येतात. न संपणारं काम रोज थोडं थोडं करत राहायला वेगळी रचना लागते.

तशी रचना आमच्याच जिल्ह्यात करून बघितली गेली, हे मला फार उशिरा आणि योगायोगानं कळलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राचं आरोग्य मंत्रालय, आयसीएमआर ही वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्यांनी मिळून उच्च रक्तदाबाचा एक उपक्रम सुरू केला. पाच राज्यांतले पंचवीस जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. महाराष्ट्रातले त्यात चार, आणि विदर्भातले दोन, वर्धा आणि भंडारा. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. पुरस्कारापेक्षा मला त्यातल्या साध्या गोष्टी आवडल्या. सगळ्या डॉक्टरांनी एकाच ठरलेल्या क्रमानं औषध द्यायचं. आधी एक गोळी, महिन्यानं मोजायचं, १४० बाय ९० च्या खाली आलं नाही तर पुढची पायरी. यात डॉक्टरचा हात बांधला जातो अशी कुरकुर झाली असेलही. पण मोजकीच औषधं ठरली की पुढच्या सहा महिन्यांत कोणत्या केंद्राला किती गोळ्या लागतील याचा अंदाज बांधता येतो. मी बियाण्याचं बुकिंग तसंच करतो. दहा वाणांत गिऱ्हाईक विखुरलं की नेमकं हवं ते वाण मृगात संपलेलं असतं. दुसरी गोष्ट, गोळ्या एका वेळी महिन्याच्या द्यायच्या. आणि तिसरी, मला सगळ्यांत मोलाची वाटणारी: प्रत्येक रुग्णाचं उपचारकार्ड. काही राज्यांत कागदाचं, काही ठिकाणी मोबाइलच्या ॲपवर. महिना उलटला की ज्यांची भेट झाली नाही त्यांची यादी आपोआप वेगळी पडते आणि नर्स त्यांना फोन लावते. म्हणजे उधारीची वही.

आता ती यादी हातात घेऊन आमच्या शिवारात या. गोळीचा महिना तीस दिवसांचा असतो आणि शेतमजुराचा महिना कामानं मोजला जातो. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी. दिवाळीपासून कापसाची वेचणी, ती किलोवर. वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे डबा बांधून निघते, अंधार पडता परत येते. एक दिवस दवाखान्यात घालवणं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडवणं, आणि दवाखाना तरी सकाळचा. गोळी तिच्यासाठी आहेच तिथं, पण कापूसही तेव्हाच फुटलेला असतो. चंद्रपूर-गडचिरोलीकडं तर अख्खी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, महिनोन्महिने. परत येतात तो मोहफुलं, मग तेंदूपत्ता. आमच्याकडं सोंगणीला मध्य प्रदेशातून टोळ्या येतात, तीही माणसं बीपीच्या वयाचीच असतात आणि ती इकडच्या कोणत्याच यादीत नसतात. माझं मत असं की, ज्याचं बीपी आटोक्यात आहे अशा मजुराला बाहेरगावी निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात आणि कार्डावर कुठं चालला ते लिहावं. गोळ्या वाया जातील, तो विकेल, फेकेल अशी भीती खात्यात बोलली जाते. बीपीची गोळी विकत घेणारं गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलं नाही.

आमच्या गल्लीतले एक काकाजी. नाव घेत नाही. खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, दिवसाला चार-पाच पुड्या. बीपी निघालं, गोळी सुरू झाली, महिन्या-दोन महिन्यांनी मोजलं तर बरोबर आलं. "आता बरोबर हाय तं कायले खाऊ?" म्हणून सोडली. यात त्यांना मूर्ख म्हणण्यासारखं काही नाही. आयुष्यभर त्यांनी हाच नियम पाळला होता, दुखलं की औषध आणि थांबलं की बंद. बीपी दुखत नाही, हीच त्याची खोड. दीडेक वर्षानं तुरीला पाणी देताना त्यांची उजवी बाजू गेली. आधी लकवा उतरवणाऱ्याकडं नेलं, तिथून रुग्णालयात. आता बोलतात, पण शब्द त्यांच्या आधी थकतात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ८६ गावांत मृत्यूंची कारणं तपासली होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मरणाचं सर्वांत मोठं कारण निघालं ते हेच, मेंदूचा झटका. साधारण दर सात मृत्यूंत एक. गडचिरोली म्हटलं की मलेरिया नि कुपोषण डोळ्यांसमोर आणणाऱ्या आपल्यासारख्यांना ते पचायला जड आहे. लकवा हा श्रीमंतांचा, शहरातल्या लठ्ठ माणसांचा रोग आहे, असं आपण कुठून शिकलो कोण जाणे.

काकाजींच्या इलाजाला पैसा कमी पडला नाही, हेही सांगायला हवं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यात अँजिओप्लास्टी होते, डायलिसिस होतं. चांगली योजना आहे, आमच्या ओळखीतले कितीतरी लोक तिच्यामुळं घर न विकता वाचले. पण ती रुग्णालयात भरती झालेल्याला ओळखते. भरती व्हायची वेळ येऊ नये म्हणून जी रोजची स्वस्त गोळी लागते, तिचं सगळं ओझं उपकेंद्रावर आणि एका आशाताईवर. ५ लाखांची फाइल पुढं सरकवायला आरोग्यमित्र बसलेला असतो. महिन्याच्या गोळीची आठवण द्यायला कोण आहे?

आशाताई आहे. आमच्या आशाताईचं काम मी जवळून पाहतो, कारण ती दुपारी पंख्याखाली फॉर्म भरायला दुकानातच बसते. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा, आजाराचा धोका मोजणारा सीबॅक फॉर्म. तंबाखू खाता का, दारू घेता का, आठवड्यात अंगमेहनत किती, घरात कोणाला शुगर-बीपी, आणि कमरेचा घेर. पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईचा ८० च्या वर गेला की गुण वाढतात. एकूण गुण चारच्या वर गेले तर त्या माणसाची तपासणी आधी. दिल्लीत बसून हा फॉर्म सोपाच वाटला असणार. पण ती या गावची सून आहे. ज्या भासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, त्यांच्या कमरेला टेप कशी लावणार? तिनं मार्ग काढला. टेप जाऊबाईच्या हातात द्यायची आणि आपण दाराबाहेरून आकडा विचारायचा. "किती आला वं बाई?" आतून आकडा येतो, कधी कधी सोबत हसूही येतं. एका म्हाताऱ्यानं धोतराच्या सहा फेऱ्यांवरून माप द्यायचा हट्ट धरला होता.

हा फॉर्म ती आधी कागदावर भरते, मग वहीत उतरवते, मग मोबाइलवर, जिथं रेंज मिळेल तिथं. चौदा आकडी आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याचं सरकारी ओळखपत्र, ओटीपी, आणि ओटीपी गेलेला असतो पुण्याला कामाला असलेल्या मुलाच्या फोनवर. पोर्टलवर माहिती चढते आणि वरती आकडे तयार होतात. किती तपासले, किती सापडले. माझी तक्रार पोर्टलशी नाही. ती माहिती वर जाते तेवढ्या तत्परतेनं खाली येत नाही, एवढंच म्हणणं आहे. आशाताईला दर सोमवारी तिच्या गावातल्या न आलेल्यांची नावं छापून मिळाली तर तिचं निम्मं काम हलकं होईल. आज ती यादी तिच्या डोक्यात आहे. ती बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीसोबत दवाखान्यात अडकली की यादीही अडकते.

विदर्भाला हे शिकायला शुगर-बीपीची वाट पाहायची खरं तर गरज नव्हती. आपल्याकडं सिकलसेल आहे. नागपुरातल्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं ते १९५८ मध्ये. आई-बापाकडून येणारा, जन्मापासून शेवटपर्यंत साथ देणारा हा रक्ताचा आजार. रोजची फॉलिक ॲसिडची गोळी, अनेकांना हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, थंडीपासून जपणं, आणि दुखण्याचा झटका कधी येईल त्याचा नेम नाही. कायद्यानं २०१६ पासून हे अपंगत्व मानलं जातं, एसटीचा प्रवास मोफत आहे, परीक्षेत वेळ वाढवून मिळतो. जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, २०४७ चं लक्ष्य घेऊन. पण आमच्या शेजारगावची एक मुलगी रात्री हाडं फोडून निघतील अशा वेदनेनं विव्हळत एका रुग्णालयात गेली तेव्हा ड्युटीवरच्या नव्या डॉक्टरला ती नाटक करते असं वाटलं. तिचं कार्ड घरी राहिलं होतं. तिचा सगळा इतिहास तालुक्याच्या फाइलीत होता, औषधं जिल्ह्याच्या कपाटात, आणि ती तिसऱ्याच ठिकाणी खाटेवर. बापानं फोनवर आशाताईला उठवलं, तिनं कार्डाचा फोटो पाठवला, तेव्हा सलाइन आणि दुखण्याचं इंजेक्शन सुरू झालं.

आमच्या सीएचओ मॅडमची बदली झाली आहे. नव्या आल्यात, त्याही चांगल्या आहेत, पण गाव ओळखायला त्यांना एक पावसाळा लागेल. मध्यंतरी ग्रामसभेत मी विषय काढला की बीपी-शुगरवाल्यांपैकी महिन्याच्या महिन्याला कोण आलं नाही ते कळायची काहीतरी सोय करा. एका उत्साही सदस्यानं लगेच सुचवलं, पंचायतीच्या भोंग्यावरून नावं पुकारू. त्यावर मागून एक मावशी उठली. "माह्या शुगरची दवंडी देतं का रे? उद्या पोरीचं लगन जमवाचं हाय मले." बरोबर होतं तिचं. भोंगा मागं पडला. मग वेचणीच्या हंगामात उपकेंद्र आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी उघडं ठेवायचा ठराव झाला, आणि तो मान्य करणं वरच्यांच्या हातात आहे असंही लगेच नोंदवलं गेलं. न आलेल्यांच्या घरी कोण जाणार, यावर सगळ्यांनी आशाताईकडं पाहिलं.

"जाईन ना," ती म्हणाली. "आतासुद्धा जातोच."

"पण याचे पैशे भेटतात ना तुले?" सरपंचांनी विचारलं.

"एका माणसाच्या मागं सहा महिन्याचे पन्नास."

मागच्या बाकावर कोणीतरी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे महिन्याचे सव्वाआठ. खर्रा येत नाई बापा तेवढ्यात." सभेत हशा पिकला, तीही हसली, आणि ग्रामसेवकांनी पुढचा विषय वाचायला घेतला, नळयोजनेची थकबाकी.